उसनं नाक

संक्रांत सरली की आमच्या पेंट शॉपमधला हवेचा दमटपणा दाखवणारा काटा घसरायला लागतो. सकाळच्या शिफ्टला आत शिरल्यावर मी सगळ्यात आधी त्याच्याकडे बघते, ते माझं कामच आहे. पण माघातल्या एखाद्या सकाळी काटा फारच खाली गेलेला दिसला की माझ्या तोंडून आपसूक निघून जातं, "आज पानं हात लावू देणार नाहीत." शेजारच्या ऑपरेटरला काही कळत नाही. तो बिचारा "हो मॅडम" म्हणतो आणि मशीन सुरू करतो.

पानं तंबाखूची. माझ्या आयुष्यात ती एकाच हंगामापुरती आली, चार वर्षांपूर्वी, आम्ही निघोज्यात भाड्याने राहत होतो तेव्हा. आता आमचा पिंपळे सौदागरला नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. गॅलरीत काय काय वाळत घालू नये याची सोसायटीने यादीच केली आहे. तीत गोधड्या आहेत, पापड आहेत, पायपुसणी आहेत. तंबाखू नाही. असलं काही कुणी करेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. पण हंगाम कुठल्याही मजल्यावर येतोच. ओठ फुटतात, कोपरं पांढरी पडतात, सकाळची हवा नाकातून आत जाताना थोडी टोचते, आणि मग मला ते सगळं एकदम आठवतं.

आठवतं ते आधी नाकाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या हंगामापर्यंत मला नाक आहे हे फक्त सर्दी झाली की माझ्या लक्षात यायचं. पावडर, थिनर आणि तापलेलं लोखंड यांच्यात पंधरा वर्षं काढलेल्या बाईकडून आणखी कसली अपेक्षा करणार? आमच्या घरात नाक होतं ते आईचं.

आई कागलकडची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही ती तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. तंबाखू भरलेल्या मोठ्या गोणपाटी पोत्याला तिकडे बोद म्हणतात. बोद उघडला की मालक आधी आईला हाक मारायचे. ती वाकून एकदा वास घ्यायची आणि सांगायची: माल नदीकाठचा की माळावरचा, पान दवात भिजलंय की नाही, पोत्यात तळाला काही जुनं दडपलंय का. मालाचा धनी समोर उभा राहून शपथा घेत असला तरी मालक विश्वास ठेवायचे ते आईच्या नाकावर. तिने स्वतः मात्र कधी चिमूटभर खाल्ली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "हलवाई कुठं पेढं खातोय?"

मग ती तापाची साथ आली. आम्हा सगळ्यांचे वास गेले आणि दोन-तीन आठवड्यांत परत आले. आईचा आला नाही. महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, येईलही. डॉक्टरांनी "ही" शब्दाच्या शेवटी लावला की काय समजायचं ते आपण समजतो.

एके दिवशी मी पहिली शिफ्ट संपवून घरी आले तर दाराबाहेरच गॅसचा वास. मी घाईघाईने माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत आई फरशीवर बसून शांतपणे तांदूळ निवडत होती. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस तसाच चालू. मी खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला आणि मग तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की खालून शेजारीण वर आली. दुसऱ्या दिवसापासून कामाला जाताना मी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायला लागले. आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती मात्र मी डब्यात ठेवलेलं दुपारी खायची, डबा धुऊन पालथा घालायची आणि पाहुण्या बाईसारखी खुर्चीच्या कडेला बसून राहायची. जिच्या जिभेवर आणि नाकावर आमचं अख्खं घर वाढलं, तिला मी तिच्याच स्वयंपाकघरातून उठवलं होतं.

मग आषाढात एकदा ती मला म्हणाली, "सुमे, मावशीला सांगून कागलास्नं बी मागीव."

"कसलं बी?"

"तंबाखूचं. सगळं वास मेलं तरी त्येचा मरायचा न्हाई. त्यो एकदा आला की बाकीचं त्येच्या मागनं येतील."

असं काही होत नसतं हे मला माहीत होतं. पण वर्षभरात तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मावशीने बी पाठवलं ते काडेपेटीतून, आणि तीसुद्धा अर्धीच भरलेली. "एवढंच?" मी विचारलं. "एवढ्यात गाव पेरून हुईल," आई म्हणाली. पेंटवरचे बारीक दोष बघायला माझ्याकडे एक भिंग असतं. त्याखाली मी ते बी धरलं. नुसत्या डोळ्यांना जी तपकिरी धूळ दिसत होती, तिच्यातल्या एकेका कणावर नागमोडी कंगोरे होते, कुणी बसून कोरावेत असे. आमच्या लाइनवर एवढा कण पेंटखाली राहिला तर पार्ट रिजेक्ट होतो. इथे त्या कणात माझ्या उंचीचं झाड होतं. मी भिंग खाली ठेवायला विसरले, आणि त्या दिवशी भाजी करपली ती माझ्या हातून.

आमचे घरमालक नाना हे निघोज्यातल्या जुन्या घरांपैकी. कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, नानांनी खोल्या बांधल्या. चाळीमागे, एका कंपनीच्या भिंतीला लागून दोन गुंठे उरले होते आणि त्यात एक रिकामा गोठा. म्हशी जाऊन दहा वर्षं झाली होती, पण रोज सकाळी दूध काढायच्या वेळेला नाना तिथे एक चक्कर मारून यायचे. आईने जागा मागितली तेव्हा त्यांनी तोंडातली तंबाखू गालात सरकवली.

"आमी हितं ज्वारी क्येली, हरभरा क्येला. ह्ये कधी न्हाई क्येलं. लावा की आक्का. हाय काय आन् न्हाई काय."

राखेत कालवून आईने बी टाकलं. वर माझी जुनी सुती साडी ताणून बांधली आणि तिच्यावरून पाणी शिंपडलं, नाहीतर ते बी पाण्याबरोबर वाहूनच गेलं असतं. भाद्रपदात रोपं लावली. कार्तिकापर्यंत पानं सुपाएवढी झाली. भिंतीपलीकडे दिवसभर यंत्रांची धडधड, कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर, आणि अलीकडे ही हिरवी गर्दी. आई रोज सकाळी तिच्यात शिरायची, एका पानावर तोंड ठेवायची, खोल श्वास घ्यायची आणि मान हलवायची. "न्हाई."

त्या झाडांना एक चिकटा असतो. पानाला नुसता हात लागला की बोटं चिकट होतात आणि थोड्या वेळाने काळी पडतात. साबणाने ते जात नाही. आई लिंबाची फोड घेऊन माझी बोटं चोळायची, मी लहान असल्यासारखी. तरी नखांत काहीतरी राहायचंच. आमच्या कंपनीच्या गेटवर तंबाखूला सक्त बंदी. तिथला सिक्युरिटीवाला रोज कामगारांच्या खिशातल्या पुड्या काढून घेतो. एका सकाळी माझं कार्ड परत देताना तो थबकला, हवेत दोनदा हुंगला, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण?"

हे घरी सांगितलं तेव्हा आई हसली. गॅसच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "म्हंजे झाड जमतंय," ती म्हणाली.

मार्गशीर्षात शेंड्यांना गुलाबी फुलं आली. इतकी नाजूक, की ही अशा कुप्रसिद्ध झाडाची असतील हे खरं वाटेना. आई एकेक शेंडा खुडत निघाली तेव्हा मी तिच्या मागे लागले, राहू दे ना थोडी. "फुलाकडं जीव ग्येला की पानात काय राहील?" ती म्हणाली. माझ्या समाधानासाठी कोपऱ्यातलं एक झाड तिने फुलासकट ठेवलं, बियासाठी. बाकीच्यांची पानं शेंडा गेल्यावर आठवड्याभरात जाड झाली. हाताला कातडीसारखी लागायला लागली. मग त्यांच्यावर पिवळसर ठिपके उमटले. पान दुमडलं की कट् असा आवाज येऊन मोडायचं. डोळ्यांनी आणि हातांनी कळण्यासारखं जे जे होतं, ते आईला अजूनही कळत होतं.

तोडणीच्या दिवशी मी शहाणपणा केला. माझी दुसरी शिफ्ट होती, म्हणून पहाटेच, दव असतानाच मी कामाला लागले. आईने ऊन येईपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं. तासाभरात डोकं गरगरलं, तोंडाला पाणी सुटलं आणि मी बांधावर बसून ओकले. नाना धावत आले, माझ्याकडे आणि माझ्या ओल्या हातांकडे बघितलं आणि हसतच सुटले. "आक्का, या या! बाईला तंबाखू लागली!"

ना खाल्ली, ना ओढली. नुसत्या तळहातांतून, दवाच्या पाण्याबरोबर ती आत शिरली होती. दिवसभर गोधडी घेऊन पडले होते आणि कामावर खाडा झाला, पण त्या अवस्थेतही मला नवल वाटत होतं. न चालणारं, न बोलणारं एक झाड. त्याने हात लावताच मला जमिनीवर बसवलं होतं. अशी ताकद ते कुठल्या मातीतून काढतं? शेजारी तर गाड्यांच्या कारखान्याची भिंत.

आता ही पानं वाळवायची कशी? कागलकडे त्यासाठी मोकळी रानं असतात. आमच्याकडे नानांचा गोठा होता, आणि माझ्याकडे कंपनीचं भंगार. वरिष्ठांना विचारून, गेटपास करून मी एक दारं नसलेलं लोखंडी कपाट आणलं आणि पोतंभर हुक. आमच्या लाइनवर पार्ट ज्यांना टांगून पेंटमधून आणि भट्टीतून फिरवतात ते हुक. पेंटचे थर चढून चढून ते बोटाएवढे जाड झाले की फेकून देतात. दाभणाने सुतळीत ओवलेली पानांची माळ त्यांच्यावर अशी बसली, की जणू त्यासाठीच ते घडवले होते. दारांच्या जागी गोणपाट सोडलं. ते ओलसर राहिलं पाहिजे असं आईचं म्हणणं. नानांनी तेलाच्या रिकाम्या कॅनला सलाईनची नळी जोडून दिली, तिचं पाणी थेंब थेंब गोणपाटावर पडत राहायचं. काच तडकलेला एक दमटपणाचा मीटर मी आत लटकवला. मला माझ्या कपाटाचा भारी अभिमान वाटत होता.

आणि त्या अभिमानातच मी ते करून बसले. माझं आयुष्य गेलं क्युअरिंगमध्ये. पावडर लावलेला पार्ट भट्टीत घालायचा, ठरलेली उष्णता, ठरलेली मिनिटं, की झाला क्युअर. मिनिटं कमी पडली तर कच्चा, जास्त झाली तर करपला. मला दुसरी रीत माहीतच नव्हती. सुट्टीच्या दिवशी आई देवळात गेली असताना मी एक माळ बाजूला काढली, पुठ्ठ्याच्या खोक्यात टांगली, आणि खोलीत ऊब करायचा जुना हीटर आणि टेबलफॅन लावला. दुपारपर्यंत पानं कुरकुरीत. वर हिरवीगार, रंग तसूभर न उडालेली. मी आईला हाताला धरून ओढत नेलं.

तिने एक पान उचललं, बोटांत फिरवलं.

"मारलंस की गं ह्याला."

"वाळवलं. वाळवायचंच होतं ना?"

"वाळवायचं न्हवतं. निववायचं हुतं." ती खाली बसली. "सुमे, पान तोडलं म्हंजे लगीच मरत न्हाई. आत साठवलेलं खात खात ते जगतंय. हिरवं खाऊन पिवळं हुतंय, पिवळं खाऊन तांबूस. सगळं खाऊन संपलं, की मग निवतंय. तू त्येला घाईनं मारलंस. आता ते हिरवंच राहणार. कवाबी बघ, कच्चंच."

"मग निवायला किती दिवस लागतात?"

"निवंस्तवर."

निवणं. ताप उतरल्यावर अंग निवतं, भांडण मिटल्यावर जीव निवतो, चुलीवरून उतरवलेलं दूध निवतं. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते, पण तो पानाला लागतो हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी गोठ्यात बराच वेळ थांबले. कपाटात माळा टांगलेल्या होत्या, देठांतून तुटलेल्या, मुळांशी काही संबंध न उरलेल्या, आणि त्या जिवंत होत्या. गुपचूप काहीतरी करत होत्या. माझ्याच भंगारातल्या हुकांना लटकून. भिंतीपलीकडे दर काही मिनिटांनी एक गाडी तयार होऊन बाहेर पडत होती आणि अलीकडे एक पान आपल्या मर्जीने पिवळं होत होतं. त्याला कुणीही, अगदी मीही, घाई करू शकत नव्हतं. मला भीतीही वाटली आणि हात जोडावेसेही वाटले.

रंग आईला दिसत होता. पण रंग अर्धंच सांगतो, बाकीचं वास सांगतो. पान आत कुजतंय की पिकतंय, हे डोळ्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आईने माझं नाक उसनं घेतलं. शिफ्ट कुठलीही असो, दिवसातून एकदा मी कपाटात डोकं घालायचं आणि तिला सांगायचं.

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "गवतासारखा येतोय."

"कसलं गवत? आत्ता कापलेलं, का कालचं? ऊन खाल्लेलं, का सावलीतलं?"

"गवत म्हणजे गवत, आई."

"परत घाल डोस्कं."

मी परत डोकं घातलं. आठवडाभर मी रोज नापास होत होते. शब्दच नव्हते माझ्याकडे. रंगांचे मला शेकड्यांनी नंबर पाठ होते. वासांचे दोनच, चांगला आणि घाण. मग हळूहळू जमायला लागलं. काकडी चिरल्यासारखा. भिजत घातलेल्या मटकीला मोड येतात तसा. फार पिकलेल्या केळ्याचा, पण गोडी वजा करून. मधेच एकदा नाकात झणकन गेलं, कोंबड्यांच्या खुराड्यासारखं. मी घाबरून पळत आले, तर आईचा चेहरा उजळलेला. "आला का खुराड्याचा वास? चांगलं झालं! उग्रपणा भायेर पडतोय."

तोवर मला जगच वासांचं दिसायला लागलं होतं. इंद्रायणीचा पूल ओलांडताना पाण्यावरच्या फेसाचा वास, चिंचवडच्या जुन्या गावठाणातल्या गिरणीचा, शिफ्ट सुटल्यावर एकदम हजार माणसांच्या घामाचा आणि साबणाचा. हे सगळं रोज माझ्या अवतीभवती होतं आणि मी जन्मभर त्यातून नाक बंद करून चालले होते. आणि आई, जिला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं, तिला हे सगळं पाठ होतं. मी काहीही सांगितलं की तिचा पुढचा प्रश्न बरोबर त्याच्या मुळाशी पोचायचा. एवढे वास तिने कुठे ठेवले होते, कुणास ठाऊक.

ती स्वतःही रोज तोंड घालून बघायची. रोज म्हणायची, "न्हाई." पण खचून नव्हे. एखाद्याने दार उघडून पाहुणा आला का बघावं आणि परत कामाला लागावं, तशी.

मग महिनाअखेर आली. डिस्पॅचची घाई, ओव्हरटाइम, बारा-बारा तास उभं राहणं. एका सकाळी मी गोठ्यात गेलेच नाही. चपला घालता घालता दारातून म्हणाले, "छान येतोय, कालच्यासारखाच." आईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी परत आले तर आई गोठ्यात होती, पानं खाली पसरलेली, आणि नाना शेजारी उभे. मधल्या शिरा ओल्या राहिल्या होत्या. माळा एकमेकींना चिकटल्या होत्या, तिथे पांढरी बुरशी धरली होती. तिसरा हिस्सा माल गेला.

"नाना बोललं, बुरशीचा वास लांबपत्तुर येतोय म्हणून," आई म्हणाली. वर बघितलंही नाही तिने. पान बघायची, चांगलं इकडे, गेलेलं तिकडे टाकायची. "तुला काल आला न्हाई व्हय?"

मी खरं सांगितलं. सांगण्याआधीच तिला कळलं होतं म्हणा.

"सुमे, नाक उसनं घेतलंय मी तुझं. उसनं दिल्यालं नाक खोटं बोलाय लागलं तर मी कुणाकडं जाऊ?"

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. मी तिच्या शेजारी बसून पानं निवडायला लागले आणि मला रडू फुटलं, ते पानांसाठी नव्हे. तिचं नाक गेलं म्हणून मी तिच्या हातातला रेग्युलेटर काढून घेतला होता. माझं तर धड होतं. तरी मी तिला फसवलं. मग भरवशाचं माणूस आमच्या दोघींत कोण होतं? ज्याची शिक्षा मी तिला दिली होती तो तिचा दोष नव्हताच, आणि ज्याची शिक्षा मला व्हायला हवी होती ती तिने केली नाही. याहून जास्त लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

त्याच आठवड्यात मी विजेची शेगडी आणली. दुकानात ती कायम होती. इतकी साधी गोष्ट वर्षभर मला सुचली नाही, कारण मी कुलूप लावण्यापलीकडे विचारच केला नव्हता. आईने तिची बटणं दोनदा दाबून बघितली आणि दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर पिठलं तयार होतं. फोडणी झाली हे ती तडतडण्यावरून ओळखत होती आणि पिठलं शिजलं हे बुडबुड्यांच्या आवाजावरून. आजही ती तसंच करते. तिच्या हाताला चव आहे तशीच आहे, मीठ तेवढं कधी कधी मला विचारून घालते.

राहिलेली पानं निवली. हिरव्याची पिवळी, पिवळ्याची तांबूस, मग जुन्या पितळेवर येतो तसला खोल रंग. मधली शीर मोडल्यावर काडीसारखी तुटायला लागली. आता त्यांना हात लावायचा तो फक्त सकाळी, हवेत ओल असताना. दुपारी लावला तर चुरा. मीटरवरचा काटा खाली असला की आई म्हणायची, आज हात लावू देणार न्हाईत ती. मग जुड्या बांधल्या, बुडाची पानं वेगळी, वरची वेगळी, आणि पार्ट पॅक होऊन येतात त्या थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात दाबून भरल्या. वर गोणपाट, वर नानांच्या गोठ्यातला दगड. चार दिवसांनी उलथापालथ करायला उघडलं आणि मी हात घातला, तर आत ऊब. कुणी विस्तव लावला नव्हता, वायर जोडली नव्हती. तोडून दोन महिने झालेली, वाळलेली, निवलेली पानं एकमेकांच्या अंगाला अंग लावून पुन्हा तापत होती. मी काढलेला हात पुन्हा आत घातला आणि तसाच ठेवला. आई माझ्याकडे बघत होती. "व्हय," ती म्हणाली. "अजून बी हाय त्यात."

होळीला आठवडा असताना एका दुपारी आईने ठरवलं, आज शेवटचं उघडायचं. नाना चुन्याची डबी घेऊन हजर. मी दगड बाजूला केला, गोणपाट उचललं. आई पुढे झाली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी खोक्याच्या कडा धरून आत वाकली. इतका वेळ वाकून राहिली की मी आणि नानांनी एकमेकांकडे बघितलं. तिची पाठ वर-खाली होत होती. याच दिवसासाठी तिने काडेपेटीतून ते बी मागवलं होतं. मी मनातल्या मनात माहीत होते तेवढ्या सगळ्या देवांना हाका मारल्या.

ती वर आली. तिचे डोळे कोरडे होते.

"न्हाई," ती म्हणाली. "आता न्हाईच यायचा त्यो."

 नानांनी उगाच चुन्याच्या डबीचं झाकण उघडलं आणि लावलं. आई भिंतीला टेकून खाली बसली, पाय पसरले, डोळे मिटले.

"सांग," ती मला म्हणाली.

मी वाकले. आणि काय सांगू, तो वास! त्या दोन-अडीच महिन्यांत आलेले सगळे वास त्यात होते आणि त्यातला एकही नव्हता. मी म्हणाले, काकवी आहे, आई, पण कढईच्या मधली नाही, काठाला लागून जरा जास्त झालेली. कोरी कोल्हापुरी चप्पल आहे. शेंगदाणे भाजताना पहिली सालं उडतात तेव्हाचा आहे. लिंपून वाळलेली भिंत आहे. बोलता बोलता माझं मलाच आश्चर्य वाटत होतं, मला थांबावं लागत नव्हतं. "आणि त्याच्या मागे काहीतरी हलकं आहे," मी म्हणाले. "बारीक. कोरड्या पाचोळ्यासारखं."

आईने डोळे उघडले नाहीत, पण तिच्या कपाळाला आठी पडली. "हलकं? ते कुठनं आलं? कुठल्या अंगाला जास्त येतंय?"

मी नाक इकडून तिकडे फिरवलं. "डावीकडे."

"घाल हात तितं. बुडाची पानं हाईत ती. वरच्यात मिसळलीस तू."

मी हात घातला. खालून एक जुडी निघाली, बाकीच्यांपेक्षा फिकट, पातळ, मातीचा बारीक कण चिकटलेली. बुडाची पानं. माझ्याच हातची गाठ, आणि चुकून वरच्यांत गेलेली. भिंतीला टेकून, डोळे मिटून, ज्या खोक्याचा वास तिला येत नव्हता त्या खोक्याच्या तळातली एक जुडी आईने माझ्या तोंडच्या शब्दांतून हुंगली होती. 

नानांचा तंबाखू मळणारा अंगठा तळहातावर थांबला. "आक्का, तुमचं नाक तर ग्येलंय न्हवं?"

"ग्येलंय की," आई म्हणाली. मग माझ्याकडे मान वळवून, जरा चिडूनच, "सुमे, थांबलीस का? पुढं सांग की."

मी पुन्हा वाकले आणि सांगायला लागले. आणि जसजशी सांगत गेले, तसतशा मिटल्या डोळ्यांखाली आईच्या नाकपुड्या हलत होत्या.